सवडीचं बोलणं: एका छोट्या डिझाइन कंपनीने ऑनलाइन संवादाची घडी कशी बसवली, आणि ती कुठे विसकटली

संध्याकाळचे सव्वासात. तुम्ही कुकर लावलाय, मुलीचं गणित तपासताय आणि फोन वाजतो. ऑफिसमधून निरोप आलाय: "हाय. बिझी आहात का?" पुढे काही नाही. काय विचारायचंय, आत्ताच हवंय की उद्या चालेल, कशाचाच पत्ता नाही. तुम्ही "नाही, बोला" असं लिहून वाट बघत राहता, आणि तोवर कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते विसरलेलं असतं.

डिसेंबर २०२५ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एक विधेयक मांडलं. कामाची वेळ संपल्यावर ऑफिसच्या फोनला किंवा मेलला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असं त्यात म्हटलं आहे. २०१८ सालीही त्यांनी असंच विधेयक मांडलं होतं. फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून असा कायदा आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे हे खासगी विधेयक आहे, म्हणजे सरकारने नव्हे तर एका सदस्याने स्वतःच्या नावाने मांडलेलं, आणि १९७० नंतर असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही. तरी त्याची बातमी घराघरांत वाचली गेली, कारण दुखणं खरं आहे.

पण समजा उद्या कायदा झाला. संध्याकाळी सातनंतरचा फोन थांबेल. सकाळी दहा ते सात या वेळात शेकडो निरोप येतात, चार बैठका होतात आणि तरी 'नक्की काय ठरलं?' हे कुणालाच सांगता येत नाही, त्याचं काय? तिथे कायदा पोचत नाही. तिथे बोलण्याची रीत बदलावी लागते. ही रीत वीसेक वर्षं जाणीवपूर्वक घडवणारी एक छोटी कंपनी आहे. तिचं काय जमलं आणि काय बिघडलं, दोन्ही समजून घेण्यासारखं आहे.

सदतीस संकेत

१९९९ साली शिकागोत जेसन फ्राइड, कार्लोस सेगुरा आणि अर्नेस्ट किम यांनी वेबसाइटचं डिझाइन करून देणारी एक लहानशी कंपनी काढली. नाव ठेवलं '३७सिग्नल्स'. हे नाव थेट आकाशातून आलेलं आहे. पॉल होरोविट्झ या शास्त्रज्ञांनी परग्रहावरून कुणी साद घालतंय का हे शोधायला रेडिओ दुर्बिणीतून वर्षानुवर्षं आकाश ऐकलं. त्या अफाट खरखरीतून ३७ संकेत असे निघाले, की ते कुठून आले याचा उलगडा झाला नाही. गोंगाटातून अर्थाचा धागा वेगळा काढणं हे कंपनीच्या नावातच होतं, आणि पुढे तेच तिचं काम झालं.

ग्राहकांची कामं करताना त्यांची पंचाईत व्हायची. एका वेबसाइटबद्दलची चर्चा पन्नास ईमेलमध्ये विखुरलेली, कुठली आवृत्ती शेवटची ते कळत नाही, ग्राहकाने 'हो' कधी म्हटलं ते सापडत नाही. म्हणून त्यांनी स्वतःपुरतं एक साधन बनवलं, ज्यात एका कामाची सगळी चर्चा, फायली आणि जबाबदाऱ्या एकाच जागी राहतील. फेब्रुवारी २००४ मध्ये ते 'बेसकॅम्प' या नावाने बाजारात आलं आणि इतकं चाललं, की ग्राहकांची कामं घेणं हळूहळू बंद झालं. २०१४ ते २०२२ कंपनीचं नावही बेसकॅम्पच होतं.

या साधनाचा प्रोग्रॅमर डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन तेव्हा कोपनहेगनमध्ये होता आणि आठवड्याचे दहाएक तासच देऊ शकत होता. कोपनहेगन आणि शिकागो यांच्यात सात तासांचा फरक. समोरासमोर बसून बोलायची सोयच नव्हती. जे सांगायचं ते नीट लिहून ठेवायचं, समोरचा उठेल तेव्हा वाचेल. मला वाटतं या कंपनीचा स्वभाव इथे घडला. तत्त्वज्ञान नंतर आलं, आधी अडचण होती.

नळ आणि विहीर

इथे एक तांत्रिक शब्द येतो, 'असिंक्रोनस' संवाद. बोलणारा आणि ऐकणारा एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही, असं बोलणं. मी त्याला 'सवडीचं बोलणं' म्हणेन. उलट फोन, बैठक, व्हिडिओ कॉल हे 'जागेवरचं बोलणं'.

आपल्याकडे अनेक गावांत नळाला पाणी सकाळी पाऊण तास येतं. त्या वेळी जो घरी असेल, त्याचे हंडे भरतात. शेतावर गेलेला, आजारी असलेला, रात्रपाळी करून झोपलेला कोरडा राहतो. विहिरीचं तसं नाही. आपण आपल्या वेळेला जावं, पाणी असतंच. ऑफिसच्या गप्पांचा ग्रुप म्हणजे नळ. अकरा वाजता विषय निघाला, सव्वाअकराला संपला, तुम्ही तेव्हा बँकेच्या रांगेत होतात, तर तुमचं मत वाहून गेलं. आणि वाहून जाऊ नये म्हणून आपण सगळे दिवसभर नळाखाली हंडा धरून उभे असतो.

असा ग्रुप बनवण्यात ही कंपनी फार पुढे होती. 'कॅम्पफायर' नावाचं त्यांचं गप्पांचं साधन २००६ सालचं, म्हणजे आज अनेक ऑफिसांत गप्पांसाठी वापरलं जाणारं 'स्लॅक' येण्याच्या सात वर्षं आधीचं. दहा वर्षं ते वापरल्यावर २०१६ साली फ्राइड यांनी सविस्तर लिहिलं की दिवसभर चालणारा असा ग्रुप म्हणजे विषयपत्रिका नसलेली आणि कधीच न संपणारी बैठक आहे. गप्पा, थट्टा, अचानक आलेली आणीबाणी यांना तो चांगला, निर्णयाला वाईट. स्वतः विकत असलेल्या वस्तूबद्दल हे जाहीरपणे लिहायला धैर्य लागतं. त्यामुळे त्यांच्या म्हणण्यावर माझा विश्वास बसतो.

त्यांचा अंतर्गत नियम साधा आहे: बहुतेक वेळा सवडीचं बोलणं, गरज असेल तेव्हा जागेवरचं. सर्व्हर बंद पडला तर फोन करा. नव्या बटणाबद्दल मत हवं असेल तर लिहून ठेवा.

एक निर्णय कसा होतो

नियम सांगणं सोपं आहे. तो रोजच्या कामात कसा उतरतो, ते जरा थांबून पाहू.

समजा कंपनीतल्या कुणाला वाटलं, बेसकॅम्पच्या दिनदर्शिकेत सुधारणा हवी. आपल्या ऑफिसात काय होईल? एक कॉल ठरेल. नऊ जण येतील. ज्याला कल्पना सुचली तो पाच मिनिटं बोलेल, सहाव्या मिनिटाला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस म्हणेल, "हे आपण आधी करून बघितलंय, चालत नाही." चर्चा तिथेच संपेल.

३७सिग्नल्समध्ये आधी एक टिपण लिहावं लागतं. त्यात पाच गोष्टी असतात. अडचण नेमकी कुणाला आणि कशी येते. तिच्यासाठी आपण जास्तीत जास्त किती वेळ द्यायला तयार आहोत. तोडग्याची रूपरेषा, हाताने काढलेल्या ढोबळ चित्रांसह. कुठे पाय अडकू शकतो. आणि शेवटी, यात आपण काय काय करणार नाही. यातली दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. 'हे करायला किती वेळ लागेल?' असा त्यांचा प्रश्न नसतो. 'ही गोष्ट आपल्याला किती वेळाच्या लायकीची वाटते?' असं ते आधी ठरवतात आणि मग तेवढ्या वेळात बसेल असा तोडगा शोधतात. अंथरूण आधी मोजायचं, मग पाय. त्यांचं अंथरूण सहसा सहा आठवड्यांचं असतं. सहा आठवड्यांत काम झालं नाही तर मुदत आपोआप वाढत नाही. त्यानंतर दोन आठवडे मोकळे, किरकोळ दुरुस्त्या आणि पुढचा विचार करण्यासाठी.

टिपण लिहून झालं की ते मांडलं जातं आणि वाचणारे आपापल्या वेळेला वाचतात. प्रश्न त्याच टिपणाखाली येतात, दुसऱ्या कुठल्या ग्रुपवर नाही. ठरवणारी माणसं थोडी असतात, पण काय वाचून ठरवलं ते सगळ्यांसमोर असतं. सहा महिन्यांनी नवा माणूस आला आणि त्याने विचारलं, "हे असं का केलंय?", तर त्याला ते पान दाखवता येतं.

यामागे फ्राइड यांचा स्वतःचा एक अनुभव आहे, तो त्यांनीच सांगितला आहे. २००७ साली प्रॉव्हिडन्स इथल्या एका परिषदेत त्यांनी रिचर्ड सॉल वुर्मन यांचं भाषण ऐकलं. हे 'टेड' परिषदेचे संस्थापक, वयाने आणि अनुभवाने मोठे. भाषण संपल्यावर फ्राइड यांनी लगेच त्यांच्याशी वाद घालायला सुरुवात केली. वुर्मन यांनी त्यांना थांबवलं आणि त्या विचाराला निदान पाच मिनिटं तरी दे, असं सुनावलं. ते फ्राइडना लागलं. भाषण चालू असतानाच आपण उत्तर जुळवत होतो, ऐकत नव्हतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

समोर कुणी बोलत असतं तेव्हा गप्प राहणं अवघड असतं. शांतता खटकते, म्हणून काहीतरी बोललं जातं. लिहिलेल्या टिपणाला ती घाई नसते. तिथे पाच मिनिटं मागून घ्यावी लागत नाहीत, ती आपोआप मिळतात.

आणि हे काही परक्यांचंच शहाणपण नाही. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना चौदा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. सोबत विषयपत्रिका असते, मागचं इतिवृत्त असतं. सभेआधी माणसाने वाचावं, हिशेब तपासावा, शेजाऱ्याशी बोलावं, यासाठीच ते चौदा दिवस. 'ऐनवेळी येणारे विषय' सगळ्यात शेवटी. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र सगळेच विषय ऐनवेळचे झाले आहेत.

रोजचे छोटे रिवाज

मोठ्या निर्णयांइतकंच रोजचं बोलणंही ठरवून केलेलं आहे. दिवस संपताना साधन प्रत्येकाला आपोआप विचारतं: आज काय काम केलंत? सोमवारी सकाळी: या आठवड्यात काय करणार? माणूस चार ओळी लिहितो, ज्याला वाचायचं तो वाचतो. 'कुठवर आलं?' विचारण्यासाठी बैठक घ्यावी लागत नाही. मधूनच एखादा घरगुती प्रश्नही येतो, सध्या काय वाचताय यासारखा. दूर राहणाऱ्या माणसांना एकमेकांची ओळख व्हावी म्हणून.

ज्यांना सतत प्रश्न विचारले जातात, अशा जाणकारांनी प्रश्नांसाठी ठरावीक तास ठेवावेत, हा दुसरा रिवाज. आपले डॉक्टर जशी दवाखान्याची वेळ ठेवतात, तसंच. आणि एकमेकांच्या दिनदर्शिका एकमेकांना दिसत नाहीत. कुणाचा वेळ हवा असेल तर विचारावा लागतो, मोकळा चौकोन बघून परस्पर अडवता येत नाही.

'पण यात फार वेळ जातो'

हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. दोन मिनिटांत फोनवर झालं असतं, त्यासाठी पानभर कोण लिहीत बसणार?

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी कामातल्या व्यत्ययांचा बराच अभ्यास केला आहे. त्यांच्या २००८ च्या एका प्रयोगात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ज्यांच्या कामात व्यत्यय आणला, त्यांनी काम उलट लवकर संपवलं. पण त्यांच्यावरचा ताण, वैताग आणि घाईची भावना जास्त होती. म्हणजे माणूस व्यत्यय भरून काढतो, पण त्याची किंमत स्वतःच्या जिवातून देतो. ती किंमत कंपनीच्या हिशेबात दिसत नाही. घरी आल्यावर घरच्यांना दिसते.

शिवाय दोन मिनिटांचा फोन दोन मिनिटांचा नसतो. फोनवर ठरलेलं तिसऱ्याला सांगायला आणखी दोन मिनिटं, चौथ्याला आणखी दोन. लिहिणारा एकदाच अर्धा तास घालवतो आणि दहा जणांचा वेळ वाचतो. पण विषय दोघांपुरताच असेल, तर आक्षेप घेणारा बरोबर आहे. फोन करावा.

'माणसं जशी असतात तसंच बोलणार, साधनाने काय होतं?'

हा दुसरा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि त्याचं उत्तर देताना मला शिकागो सोडून धुळे जिल्ह्यात यावं लागतं.

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी ती माणसं होती. देशात इतरत्रही त्या काळात अशा घटना घडत होत्या आणि अफवा मोबाइलवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे पाठवला गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे निरोप पसरण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं.

माणसं तीच होती. त्यांच्या बोटापुढे छोटासा उंबरठा आला, एवढंच. मारलेली माणसं त्याने परत येत नाहीत आणि द्वेषही संपत नाही. पण बोलण्याच्या साधनाची रचना निरुपद्रवी असते, हा समज राईनपाड्यानंतर तरी आपण सोडायला हवा. पुढे पाठवायचं बटण किती मोठं, लिहायची चौकट किती लहान, निळी खूण दिसावी की नाही, हे सगळं कुणीतरी डिझाइन केलेलं असतं. एक ओळीची चौकट दिली की माणूस एक ओळ लिहितो. पानभर मोकळी जागा आणि वर 'शीर्षक' असं लिहिलेलं दिसलं की तोच माणूस दोन मिनिटं विचार करतो.

'लिहिण्यात सूर हरवतो, आणि सगळ्यांना कुठे लिहिता येतं?'

सूर हरवतो, हे अगदी खरं. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाक्यं उपरोधाने आणि काही गंभीरपणे सांगायची होती, काहींना ईमेलने, काहींना आवाजातून. आपला सूर समोरच्याला कळेल, असं ईमेल लिहिणाऱ्यांना १०० पैकी ७८ वेळा वाटलं. प्रत्यक्षात कळला ५६ वेळा, म्हणजे नाणं उडवून आलेल्या उत्तरापेक्षा थोडाच बरा. आवाजातून मात्र तो बराच नीट पोचला. लिहिताना आपल्या डोक्यात आपला आवाज वाजत असतो आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात त्याचा.

म्हणून माझं सांगणं असं: काम लिहून सांगा, पण राग, निराशा, कौतुक आणि क्षमा यांच्यासाठी आवाज वापरा. एखाद्या टिपणाखाली तिसऱ्यांदा तोच मुद्दा फिरून आला, की फोन उचला. बोलून जे ठरेल ते मात्र परत येऊन तिथेच लिहा.

लिहिता न येण्याचा प्रश्न जास्त खोल आहे. मराठी माध्यमातून शिकून हिंजवडीत किंवा बंगळुरूत नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांना इंग्रजीत पानभर लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. पण त्यांना कॉलवर बोलायला कमी घाम फुटतो का? जागेवरच्या बोलण्यात फर्ड्या इंग्रजीवाला जिंकतो. त्याचा मुद्दा बरोबर असो वा नसो, त्याचं वाक्य आधी तयार होतं. सवडीच्या बोलण्यात मागे पडणाऱ्याला शब्दकोश उघडायला, मित्राला विचारायला, दोनदा खोडून लिहायला वेळ मिळतो. शिकागोतला ग्राहक सकाळी दहाला बोलायला बसतो तेव्हा पुण्यात थंडीच्या दिवसांत रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. त्या वेळी पेंगुळलेल्या डोळ्यांनी, तिसऱ्या भाषेत, ताटातलं अन्न निवत असताना दिलेलं उत्तर चांगलं असेल, की सकाळी ताज्या डोक्याने लिहून ठेवलेलं?

शिवाय सगळे सहकारी मराठीच असतील तर टिपण मराठीत लिहायला कुणाची हरकत आहे? ज्याला लिहिणं जमतच नाही, त्याने तीन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवावा. अट एकच. निरोप पुरा हवा, 'आहेस का?' एवढाच नको.

एप्रिल २०२१

आता जे बिघडलं त्याकडे येतो. ते झाकून या कंपनीचं कौतुक करणं वाचकांची फसवणूक ठरेल.

ग्राहकांच्या ज्या नावांचं हसू येतं, त्यांची एक यादी कंपनीत २००९ च्या सुमारापासून चालत आली होती. त्यात अमेरिकी आणि युरोपीय नावं बरीच होती, पण आशियाई आणि आफ्रिकी नावंही होती. संस्थापकांनाही ती ठाऊक होती. २०२१ मध्ये काही कर्मचाऱ्यांनी हे चूक आहे असं म्हटलं. त्यावरून चर्चा पेटली आणि यादीवरून वंशभेद, राजकारण, कंपनीतल्या सत्तेपर्यंत गेली. २६ एप्रिलला फ्राइड यांनी नवे नियम जाहीर केले. कंपनीच्या साधनावर सामाजिक आणि राजकीय चर्चा बंद. समित्या बंद. पाठोपाठ सांगितलं गेलं, की पटत नसेल त्यांनी जावं, सहा महिन्यांपर्यंतचा पगार मिळेल. काही दिवसांतच साठाच्या आत असलेल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश निघून गेले. नंतर फ्राइड यांनी माफी मागितली.

संस्थापकांची बाजू अनेक मराठी वाचकांना लगेच पटेल. 'इथे राजकारण आणि धर्म नको' ही सूचना आपल्या प्रत्येक कौटुंबिक आणि शाळामित्रांच्या ग्रुपवर असतेच, आणि ती अनुभवातून आलेली असते. कामाच्या जागी काम व्हावं, यात वावगं काही नाही.

पण मला इथे दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. निवडणुकीवरचा वाद बाहेरचा असतो. नावांची यादी बाहेरची नव्हती, ती घरातली होती. तिच्याबद्दल बोलणं म्हणजे घरच्या वागण्याबद्दल बोलणं. परक्या देशातल्या कुणीतरी विश्वासाने पैसे भरून तुमची सेवा घेतली आणि त्याच्या आईबापांनी ठेवलेल्या नावाला तुम्ही हसलात, तर त्याचा जाब तुमच्याच घरात विचारला जाणार. 'सामाजिक विषय नकोत' या एका झाकणाखाली दोन्ही भांडी झाकली गेली.

दुसरी गोष्ट मला जास्त शिकवून जाते. दिनदर्शिकेतल्या बदलासाठी टिपण लिहायचं, दिवस द्यायचे, हरकती त्याखाली येऊ द्यायच्या, ही यांची रीत. आणि सगळ्यांच्या तोंडाला लागू होणारा नियम मात्र जाहीर झाला तो ठरलेला निर्णय म्हणूनच. वुर्मन यांनी मागितलेली पाच मिनिटं इथे कर्मचाऱ्यांना मिळाली नाहीत. सवड, मोकळं पान, विषयाची जागा, सगळं असूनही बोलणं तुटलं. आपण लिहिलं तर त्याने काही बदलेल, हा भरवसा संपला की पान कितीही मोठं असो, त्यावर कुणी लिहीत नाही.

या कारणाने कंपनीची सगळी रीतच मोडीत काढावी, असं मला वाटत नाही. विहीर चांगली बांधली होती. पाण्याची चव बिघडली तेव्हा ती सांगणाऱ्यांचं ऐकून घ्यायला हवं होतं.

'साठ माणसांच्या कंपनीचं आम्हाला काय?'

आपल्यापैकी बरेच जण हजारोंच्या कंपन्यांत काम करतात. तिथे साहेब म्हणेल ती रीत. पण हजारोंची कंपनी रोज बोलते ती आठ-दहा जणांच्या गटातच, आणि त्या गटाची रीत बऱ्याचदा त्या गटाच्या हातात असते. दुकान, शाळा, वास्तुविशारदाचं कार्यालय, वाचनालयाचं कार्यकारी मंडळ, गणेशोत्सवाची समिती, हे सगळे छोटेच गट आहेत.

पुण्यात आमचं सात जणांचं काम आहे, मुलांच्या पुस्तकांची मांडणी करण्याचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही सोमवारची बैठक बंद केली आणि एक सामायिक दस्त उघडला. प्रत्येक प्रश्नाला एक पान, वर कुणी आणि कधी लिहिलं, खाली शेवटी काय ठरलं आणि का. पहिला महिना वाईट गेला. पानं कोरी राहिली, फोन चालूच राहिले. मग आमच्यातल्या सगळ्यात तरुण मुलीने, जी वर्षभर बैठकीत "चालेल" याखेरीज काही बोलली नव्हती, दीड पान लिहिलं. दुसरीच्या पुस्तकात जोडाक्षरं एकाखाली एक न ठेवता आडवी का मांडावीत, हा विषय. सोबत तिच्या भाच्याने दोन्ही तऱ्हांची पानं वाचताना बोट कुठे अडखळलं, त्याच्या खुणा. मला ते पटलं नाही. मी लगेच उत्तर लिहायला घेतलं, खोडलं आणि पान तसंच ठेवून घरी गेलो. चौथ्या दिवशी तिच्या बाजूने निर्णय झाला.

या जूनमध्ये आमच्याकडे नवा मांडणीकार आला. आल्या आल्या त्याने विचारलं, "ही अक्षरं अशी आडवी का?" तिने मान वर केली नाही. त्याला त्या पानाचा दुवा पाठवला आणि आपलं काम करत राहिली. तो अर्धा तास वाचत होता.